मित्रांसोबत दोन दिवसांची दक्षिण मुंबई: शनिवार फोर्टचा, रविवार गिरगावचा

पहिल्यांदा आम्ही पुण्याहून मुंबई बघायला गेलो ते नऊ जण, आणि रविवारी. शनिवारी दोघांना ऑफिस होतं, म्हणून. फोर्टात पोचलो तर सगळी शटरं खाली. डी. एन. रोडच्या कमानींखाली कुत्री निवांत झोपलेली. ज्या इराण्याकडे जेवायचं म्हणून सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं, त्याच्या दाराला कुलूप. मग तीन टॅक्सी केल्या, त्या तीन ठिकाणी पोचल्या, आणि उरलेली दुपार "तू कुठे आहेस?" या एका प्रश्नात संपली.

त्यानंतर वेगवेगळ्या कंपूंबरोबर हीच फेरी चार-पाच वेळा झाली. मुंबईत काय बघायचं हे कोणीही सांगेल. पण कुठल्या वारी आणि कुठल्या प्रहरी बघायचं, हे चुकलं की सगळंच चुकतं. खालचा बेत त्या हिशोबाने आखलेला आहे. पुण्याहून निघणाऱ्यांसाठी लिहिलाय, पण नाशिककरांनी डेक्कन क्वीनच्या जागी पंचवटी वाचावं, बाकी सगळं तेच.

आधी माणसं मोजा

चार किंवा सहा. याहून जास्त असतील तर ती सहल नाही, वरात.

याला कारण आहे. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. त्या माहीम-सायनच्या अलीकडे येतच नाहीत, हे पुण्याच्या माणसाला तिथे उभं राहून हात दाखवेपर्यंत लक्षात येत नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चार जण बसतात, म्हणजे चौघांना एक टॅक्सी, सहांना दोन. रेल्वेच्या एका तिकिटावरही सहाच नावं बसतात. सातवा मित्र आला की त्याचं तिकीट वेगळं, डबा बहुधा वेगळा, आणि दादर येईपर्यंत तो रुसलेला.

माणसं ठरली की दोन कामं वाटून द्या. एकाकडे पैसे, दुसऱ्याकडे घड्याळ. टीटीएमएम, म्हणजे 'तुझं तू, माझं मी', ही कॉलेजच्या कट्ट्यावर चालणारी गोष्ट आहे. सहलीत दर चहाला सहा जणांनी स्कॅनर समोर रांग लावायची म्हणजे टपरीवाल्याचा अंत बघणं. गाडी आणि मुक्काम सोडून वरखर्चासाठी प्रत्येकी दोन हजारांची कॉन्ट्री निघण्याआधीच एकाच्या खात्यात जमा करा. उरलं तर परत, कमी पडलं तर पुन्हा. घड्याळवाला माणूस मात्र जरा खडूस निवडा. "चला, निघू या" हे वाक्य गोड माणसाला जमत नाही.

गाडी आणि मुक्काम

डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ला सुटते आणि १०.२५ला सीएसएमटीला पोचते. ही गाडी १ जून १९३० पासून धावते आहे, आणि तिच्यात अजून डायनिंग कार आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर जातात, म्हणून तारीख आधी पक्की करा, मग बाकीचं. परतीचीही हीच गाडी, रविवारी संध्याकाळी ५.१०ची. जाण्याआधी वेळा एकदा तपासून घ्या, रेल्वे अधूनमधून पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे करते.

स्वतःची गाडी नेऊ नका. दोन दिवस ती कुठे उभी करायची या चिंतेत एक मित्र पूर्ण वाया जातो.

मुक्काम फोर्ट किंवा कुलाब्यात मिळाला तर उत्तम. दादरला स्वस्त पडतं, जेवणही चांगलं, पण रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत मध्य आणि हार्बरच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यात लोकल रखडतात. ब्लॉक कुठे आहे हे रेल्वे आदल्या दिवशी जाहीर करते, ते वाचल्याशिवाय रविवारी लोकलच्या भरवशावर राहू नये. खोली घेताना दोन प्रश्न फोनवरच विचारा: सकाळी अकराला सामान ठेवू द्याल का, आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं लागतील का. एका मुक्कामी आमच्यातल्या एकाकडे आधारचा फक्त मोबाइलमधला फोटो होता. काउंटरवर अर्धा तास गेला, वर त्याच्याशी दिवसभर कोणी धड बोललं नाही.

खोली नंतर मिळणार असेल तर सीएसएमटीवर क्लोकरूम आहे. तिथे बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. पिशवी घेत नाहीत, त्यामुळे कोणी पिशवी आणू नका.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही जानेवारीतला तिसरा रविवार टाळा, त्या दिवशी मॅरेथॉनमुळे दक्षिण मुंबईचे रस्ते बंद असतात. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव भरतो. त्यासाठीच जात असाल तर ठीक, पण शांतपणे इमारती बघायच्या असतील तर त्या गर्दीत माणसांची डोकीच दिसतील.

शनिवार: फोर्ट, पायी

शनिवार फोर्टला द्यायचा, कारण फोर्ट हा पोटापाण्याचा भाग आहे. शनिवारी तिथे अर्धी वर्दळ असते, म्हणजे दुकानं उघडी आणि चालायला फुटपाथही मोकळे. रविवारी तो झोपतो.

सीएसएमटीला उतरल्यावर लांब पल्ल्याच्या फलाटांकडून लोकलच्या बाजूला या आणि बाहेर पडण्याआधी जुन्या तिकीटघराच्या छताकडे मान वर करून बघा. रोज लाखो माणसं त्याखालून मान खाली घालून पळत असतात. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं ही इमारत बांधली जात होती, वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. रस्त्यापलीकडची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ सालची. दोन्ही एकत्र बघायच्या असतील तर सबवेतून पलीकडे जा, महापालिकेसमोर फोटोसाठी जागा केलेली आहे.

पण मोठे फोटो आत्ता काढू नका. स्टेशनचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी ऊन त्याच्या पाठीमागून येतं आणि फोटोत सगळी नक्षी काळी पडते. रात्री दिवे लागल्यावर या. ही गोष्ट लक्षात ठेवा, संध्याकाळी पुन्हा कामाला येईल.

सामान टाकून साडेअकराच्या सुमाराला डी. एन. रोडने दक्षिणेकडे चालू लागा. डावीकडे-उजवीकडे कमानींखालचे फुटपाथ आहेत, ऊन लागत नाही. पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४चं, आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. मराठी माणसाने इथे दोन मिनिटं थांबावं, एवढंच. सेल्फी पुढे काढू.

तिथून वीर नरिमन रोडने डावीकडे वळलं की सेंट थॉमस कॅथीड्रल लागतं, १७१८ सालचं. फोर्टला खरोखरच तट होता आणि या चर्चकडे नेणारा एक दरवाजा होता, तो चर्चगेट. तट १८६०च्या दशकात पाडला, दरवाजा गेला, नाव मात्र रेल्वे स्टेशनाला चिकटून राहिलं. पुढे हॉर्निमन सर्कलची गोल बाग आणि तिच्यापलीकडे टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या, पांढऱ्या पायऱ्या. १८३३ची इमारत. या पायऱ्यांवर बसायला पैसे पडत नाहीत आणि सगळा कंपू एका फोटोत मावतो.

बारा वाजायच्या आत बॅलार्ड इस्टेटला पोचा. ब्रिटानिया हे इराणी हॉटेल १९२३पासून तिथे आहे, बेरी पुलाव आणि शेवटी कॅरामल कस्टर्ड. फक्त दुपारी उघडं, रविवारी बंद. आमची पहिली सहल याच जातीच्या कुलपावर आपटली होती. साडेबाराला गेलात तर रांग असेल, आणि सहा जणांचं एक टेबल मिळायला दोघांपेक्षा तिप्पट वेळ लागतो. तीन-तीनच्या दोन टेबलांना तयार व्हा, लगेच बसाल. शाकाहारी मित्र जास्त असतील तर हा आग्रह सोडा आणि सीएसएमटीजवळच पंचमकडे पुरीभाजी खाऊन मग चालायला लागा. जेवणावरून भांडू नका.

दुपार म्युझियमची. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी उघडलं. जॉर्ज विटेटने ते बांधलं, गेटवेही त्याचंच. इथे एकच नियम पाळा: सगळं बघायचं नाही. दीड तास, दोन दालनं. प्रत्येकाने आपापली निवडावीत आणि ठरलेल्या वेळी मधल्या घुमटाखाली यावं. तिथे उभे असाल तेव्हा भोवतीच्या लाकडी कमानी नीट बघा, त्या नाशिकच्या एका वाड्यातून आणून बसवलेल्या आहेत. नाशिकचा मित्र बरोबर असेल तर संध्याकाळपर्यंत त्याचाच विषय चालतो, याची तयारी ठेवा. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: या भागात स्वच्छ स्वच्छतागृहं कमी आहेत. म्युझियममध्ये आहेत, तिथून निघण्याआधी सगळ्यांनी जाऊन या. बरोबरच्या मैत्रिणी हा सल्ला स्वतःहून देणार नाहीत, पण दुवा देतील.

बाहेर आल्यावर शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२पासून आहे, आत जायला तिकीट नाही, आणि पंधरा मिनिटं पुरतात. काळा घोडा हे नाव सातव्या एडवर्डच्या घोड्यावरच्या काळ्या पुतळ्यावरून आलं. तो पुतळा केव्हाच राणीच्या बागेत हलवला. आता २०१७पासून इथे नुसता घोडा आहे, वर स्वार कोणी नाही. मला हे जास्त आवडतं.

चार वाजता गेटवे. दहा मिनिटांचं चालणं. पंचम जॉर्ज १९११ साली इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. पायाभरणी १९१३ची, उद्घाटन १९२४चं, आणि २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. म्हणजे कमान पुरी होऊन चोवीस वर्षांत तिचे मालक गेले. शिवरायांचा अश्वारूढ पुतळा समोरच आहे. शनिवारी संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून अर्ध्या तासात निघा. ज्यांना कुलाबा कॉजवेवर खरेदी करायची आहे त्यांना पाऊण तास मोकळं सोडा, पण भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा. "फोन करू" म्हणून पांगलेली टोळी अंधार पडेपर्यंत गोळा होत नाही.

आता मघाची उन्हाची गोष्ट. सव्वापाचच्या सुमाराला ओव्हल मैदानावर या. समोर हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशी ओळ उभी आहे, आणि या सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. का, तर १८७८ साली राजाबाई टॉवर पुरा झाला तेव्हा समोर समुद्र होता. मावळतं ऊन थेट या दगडांवर पडावं अशीच ती रचना आहे. टॉवरला नाव मिळालं ते प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं, पैसे त्यांनी दिले होते. सूर्यास्ताआधी जेवण्याचा नेम असलेल्या आईला वेळ कळावी म्हणून टोल, असं सांगतात.

मग पाठ फिरवा. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला गोलाई दिलेल्या सज्जांच्या, पेस्टल रंगांच्या इमारती आहेत. समुद्र मागे हटवून मिळालेल्या जमिनीवर १९३०च्या दशकात त्या बांधल्या गेल्या, आर्ट डेको म्हणतात ती शैली. एका मैदानाच्या दोन काठांना दोन काळ, म्हणून २०१८ साली युनेस्कोने दोन्ही काठ एकत्रच जागतिक वारशात घेतले. मुंबईत मला एकच जागा दाखवायची असेल तर मी हे मैदान दाखवेन. गेटवे नाही.

इथून चर्चगेट स्टेशनवरून सरळ दहा मिनिटांत मरीन ड्राइव्ह. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतो, म्हणून ओव्हलवरून पावणेसहाला हलायलाच हवं. वाटेत के. रुस्तमकडे दोन बिस्किटांमधलं आइस्क्रीम घ्या आणि कठड्यावर जाऊन खा. आज सात-आठ किलोमीटर चालणं झालंय, तास-दीड तास कोणी कोणाला उठवायचं नाही. घड्याळवाल्यालाही सुट्टी.

रात्री सीएसएमटीच्या रोषणाईचा फोटो राहिलाय, तो विसरू नका.

रविवार: आधी एक निवड करा

रविवारी दोन बेत शक्य आहेत: घारापुरी किंवा गिरगाव-बाणगंगा. दोन्ही करायला जाल तर ५.१०ची गाडी चुकेल. कोणी कितीही हिशोब मांडून दाखवला तरी ऐकू नका.

घारापुरीची बोट गेटवेवरून सुटते, सकाळी नऊच्या सुमाराला पहिली, आणि पोचायला तासभर लागतो. धक्क्यावरून चालत किंवा छोट्या गाडीने पायथ्याशी, मग शंभर-सव्वाशे पायऱ्या. सहाव्या शतकाच्या आसपास खडकात कोरलेलं शिवाचं मंदिर आणि सुमारे वीस फूट उंचीचा तीन मुखांचा सदाशिव. फोटोत तो कळत नाही, काळोखाला डोळे सरावेपर्यंत समोर उभं राहावं लागतं. परत यायला दुपारचे दोन होतात. बोटीत लाइफ जॅकेट घाला, नुसतं मांडीवर ठेवू नका. पायऱ्यांवर माकडं खाऊची पिशवी थेट हातातून ओढतात. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे सुट्टी जोडून सोमवारी जायचा विचार असेल तर तो सोडा. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद.

आधी कधीच घारापुरी पाहिली नसेल तर तिकडे जा. माझं मत विचाराल तर मित्रांबरोबर गिरगाव. बोटीत दोन तास बसून जातात, गिरगावात तेच दोन तास मिसळीवर बोलण्यात जातात.

सकाळी साडेसातला पुन्हा ओव्हलवर एक चक्कर मारा. रविवारी मैदानभर क्रिकेट असतं, एकमेकांत घुसलेले पाच-सात सामने. डेको इमारतींची तोंडं पूर्वेला, त्यामुळे आता ऊन त्यांच्यावर आहे. हा फोटो काल मिळाला नसता. मग मेट्रो. अ‍ॅक्वा लाइन ऑक्टोबर २०२५पासून कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि चर्चगेटहून गिरगाव ही आता फक्त काही मिनिटांची गोष्ट आहे. टॅक्सीचे दोन मीटर वाचतात.

गिरगावात आधी नाश्ता, ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममध्ये मिसळ. पुणेकरांनी "आमच्याकडची जास्त झणझणीत" हे वाक्य तोंडातच ठेवावं, गिरगावकर तिखटावर नव्हे, मापावर मिसळ करतो. मग चालत खोताच्या वाडीत. लाकडी जिने, पुढे व्हरांडे, रंगीत खिडक्या. ही घरं आहेत, प्रदर्शन नाही. आतल्या आजीबाई तुमच्या पार्श्वभूमीसाठी बसलेल्या नसतात. सहा जणांनी मोठमोठ्याने हसत शिरू नये, दाराचा फोटो काढण्याआधी विचारावं. जवळच केशवजी नाईकांची चाळ आहे, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली इथे बसला. एरवी गेलात तर वाळत घातलेले कपडे आणि कॅरमचा आवाज. त्यातही मजा आहे.

अकराच्या सुमाराला टॅक्सीने वाळकेश्वरला बाणगंगेवर. मलबार हिलच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी चौकोनी तलाव, चारी बाजूंनी पायऱ्या, भोवती देवळं. आजचा तलाव १७१५च्या सुमारास पुन्हा बांधलेला आहे. समुद्र इतका जवळ असूनही पाणी गोडं, कारण ते जमिनीतल्या झऱ्याचं. पायऱ्यांवर अर्धा तास बसा. तिथून वर कमला नेहरू पार्कला जायचं असेल तर जवळच झाडांमधून जाणारा उंचावरचा लाकडी पदपथ २०२५पासून सुरू आहे. त्याचं तिकीट ऑनलाइन आधी काढावं लागतं आणि रविवारच्या वेळा भरतात, म्हणून पुण्यातूनच काढून ठेवा. नाही मिळालं तर हळहळायचं कारण नाही, खाली उतरून गिरगाव चौपाटीवर या. लोकमान्यांवर १ ऑगस्ट १९२० रोजी याच वाळूत अंत्यसंस्कार झाले. त्यांचा पुतळा समुद्राकाठी उभा आहे. भर दुपारी वाळूत उभं राहवत नाही, पुतळा बघून जेवायला वळा.

साडेतीनला क्लोकरूम किंवा खोलीतून सामान. साडेचारला स्टेशन. रविवारी टॅक्सी पटकन मिळते, पण क्लोकरूमची रांग पटकन सरकत नाही. सीएसएमटीसमोरच्या आरामचा वडापाव बांधून घ्या, पण एकेकच, कारण पुढे कर्जत आहे.

हिशोब मुंबईत करू नका. सगळे दमलेले असतात आणि वीस रुपयांवरून आवाज चढतो. कर्जतला घाट चढायला मागून इंजिन जोडतात तेव्हा गाडी थांबते. ज्याच्याकडे कॉन्ट्रीचे पैसे आहेत त्याने उतरून उरलेल्या पैशांचे वडे आणावेत. लोणावळा येईपर्यंत आकडे जुळवा, बोगद्यात नेटवर्क नसल्यामुळे पैसे पाठवणं नंतर.